काकांनी घरी बसून पाहिलेली फायनल

बाबूकाका बाउंड्रीला उभे राहिले की आमच्या टीमची विकेट पडते. हे सगळ्या गावाला मान्य आहे. खुद्द काकांनाही.

काका माझे घरमालक. मी मूळचा परभणीकडचा. आठवीत शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून वाद आहे. पण फिरत फिरत कशेळ्याजवळच्या या गावात येऊन टेकलो. कळंबच्या एका रिसॉर्टवर बागेला पाणी घालतो आणि काकांच्या पडवीतल्या खोलीत राहतो. काकू मला घरच्या पोरासारखं वाढतात. इतकं चांगलं वागतात, की मला सारखी धास्ती वाटते, आपल्या हातून काहीतरी फुटणार! (आजवर एकच बरणी फुटली. लोणच्याची. भरलेली.)

काकांचा मुलगा निलेश गावच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन. टेनिस बॉल तो असा मारतो म्हणे, की शोधायला शेजारच्या गावात जावं लागतं. 'म्हणे' अशासाठी, की तो टीममध्ये आला त्याआधीच काकांना मैदानबंदी झालेली, त्यामुळे बापाने त्याला कधी खेळताना बघितलेलंच नाही. फायनलच्या आदल्या दिवशी पोरं नारळ घेऊन घरी येतात, काकांच्या पाया पडतात आणि म्हणतात, "काका, तुमचा आशीर्वाद ऱ्हावा. आन तुमीबी घरीच ऱ्हावा!"

यंदा नारळ स्वीकारताना काकांचा चेहरा पाहवेना. मी बोलून बसलो, "काका, फायनल यूट्यूबवर लाइव्ह असते. मोबाइलवरून टीव्हीला जोडून देतो की!"

"घरात बसून बघितलं तर चालंल रं?"

"चालंल की! तुमी कुठं बाउंड्रीवर हाय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टीव्ही जोडला. यूट्यूबवर आमच्या गावाचं नाव, समोरच्या गावाचं नाव, पुढं 'फायनल'. तिन्ही बरोबर. सालही बघायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

हो. मी गेल्या वर्षीची फायनल लावली होती. त्या वर्षीही हीच दोन गावं होती, हेच मैदान, हाच मांडव. गेल्या वर्षी आम्ही हरलो होतो.

निलेश बॅट घेऊन आला. काकांनी टीव्हीलाच हात जोडले. काकू म्हणाल्या, "अगं बाई! सकाळी दाढी होती याला."

"फायनल हाय. केली असंल," काका म्हणाले. "माणसानं टापटीप नको?"

थोड्या वेळाने शेजारचा संत्या धावताना दिसला. पाय प्लास्टरमध्ये घालून महिनाभर खाटेवर पडलेला संत्या!

"आवं, त्याचा पाय मोडलाय ना?" काकू म्हणाल्या.

"गावासाठी उठला!" काकांनी डोळ्यांना पंचा लावला. "याला म्हणायचं जिगर! सुदाम, बघ, लंगडतसुद्धा नाय!"

मी बघितलं. मलाही भरून आलं.

मॅच रंगात आली आणि माझा फोन वाजला. टीव्हीवर मैदान गेलं आणि भलंमोठं नाव आलं, निलेश!

"काका, निलेश तर बॅटिंग करतोय."

"फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला असंल. काप!"

कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा तर काका ओरडलेच, "आरं, बॉलर धावत सुटलाय! काप!"

आणि शेवटच्या चेंडूवर, सिक्सर हवा असताना, निलेश बाउंड्रीवर झेल देऊन बाद झाला.

काकूंनी मटणाखालचा गॅस बंद केला. काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मैदानावर गेलो नाय, तरी पोरगं आउट झालं. माझी नजरच वाईट रं, सुदाम."

टीव्ही मीच लावला होता ना! यापेक्षा दोन बरण्या फुटलेल्या परवडल्या असत्या.

एवढ्यात रस्त्यावरून डीजेचा दणदणाट आला. टेंपोभर पोरं, गुलाल, शिट्ट्या.

"बघ, जितलेले आले आपल्याला चिडवाया!" काका ताडकन उठले. "दिवा घालव! कडी लाव!"

मी दिवा घालवला, कडी लावली, वर तांदळाने भरलेलं पिंप दाराला टेकवलं. बाहेरून दार धडाधडा वाजू लागलं.

"बाबा, दार उघडा!"

"नाय उघडत! जा आपल्या गावाला!"

"आवो बाबा, हाच गाव माझा! मी निल्या! कप घेऊन आलोय!"

काकूंनी खिडकी किलकिली केली आणि त्या किंचाळल्या, "आवं, दाढी परत आली!"

मग जे हसू फुटलं ते दोन दिवस गावभर पुरलं. मला वाटलं, आपली खोली गेली. पण काकूंनी गॅस पुन्हा पेटवला आणि पहिला वाडगा माझ्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी निलेशने स्वतः खरी फायनल लावून दिली. काका बसेनात. "मी बघितली आन हरली तर?"

"काका," मी समजावलं, "झालेली मॅच हाय. कप घरात हाय. आता काय होतंय?"

शेवटी कप मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी गच्च धरून, ते बसले. पोराच्या पहिल्याच चौक्याला त्यांनी असा हुंकार दिला, की कोंबड्या उडाल्या. नंतर डोळे पुसायलाही कप सोडला नाही.

शेवटची ओव्हर आली. आणि काकांना शहाणपण शिकवणारा मी गुपचूप उठून अंगणात गेलो. काकांनी हाक मारली, "आरं सुदाम, कुटं चाललास?"

"तुमी बघा, काका," मी तिथूनच ओरडलो. "पनवती माझीच निघाली तर उगाच कप परत द्यावा लागंल!"