कागदावरचा उमेदवार

साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात माझ्याबरोबर एक फ्रेंच डॉक्टरीण होती. पुढे ती मायदेशी परतली, आपल्या छोट्या गावात तिने दवाखाना थाटला, मग महापौर झाली आणि आता पार्लमेंटात बसते. गावात डॉक्टर टिकत नाहीत म्हणून तिने निवडणूक लढवली आणि निवडून आल्यावर गावातला शेवटचा डॉक्टरही गेला, म्हणजे ती स्वतःच. हे तीच हसत हसत सांगते.

मी मात्र राजकारणात पडलो तो निव्वळ भिडेपोटी. वॉटफर्डला माझी जीपी प्रॅक्टिस आहे. इथली एक रीत म्हणजे, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीत जिथे जिंकायची सुतराम शक्यता नाही तिथेही पक्षाला मतपत्रिकेवर कुणाचं तरी नाव लागतं. याला पेपर कँडिडेट म्हणतात. प्रचार नाही, भाषण नाही, फक्त सही. पक्षाचा स्थानिक सेक्रेटरी माझा पेशंट. बीपी मोजून झाल्यावर बाही खाली करता करता त्याने फॉर्म पुढे केला, आणि मी सही केली.

"अहो, सिंपल नो म्हणायला काय होतं तुम्हाला?" बायको म्हणाली. भीड भिकेची बहीण, हे मला लहानपणापासून पाठ आहे. उपयोग शून्य.

त्या वर्षी लोक समोरच्या पक्षावर इतके चिडले होते की आमच्याकडून दगड उभा केला असता तरी निवडून आला असता. दगड मी होतो.

मैत्रिणीचा फ्रान्सहून फोन आला. "आता एकच काहीतरी कर, दवाखाना नाहीतर राजकारण," ती म्हणाली. "मी दवाखाना बंद केला तो वेळ नव्हता म्हणून नाही. पेशंट मला खोटं सांगायला लागले म्हणून." मी तिला उडवून लावलं. तुमच्याकडे होत असेल, म्हटलं.

वर्षभराने कौन्सिलने एक हॉल विकायला काढला. त्या हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांचा लंच क्लब भरायचा. माझ्या एक पेशंट तिथे न चुकता जायच्या. मूळच्या पुण्याच्या, एकट्या राहणाऱ्या काकू. आठवड्यातलं एक गरम जेवण आणि मराठी बोलायला दोघीतिघी, एवढंच त्यांचं जग होतं. त्यांनी एकटं राहू नये, क्लबला जावं, असं मीच त्यांच्या कागदांवर लिहिलं होतं. आणि आता विक्रीच्या बाजूने मत द्या, असा मला पक्षाचा आदेश होता. राजीनामा द्यावा, तर आमचं बहुमत एकाच खुर्चीवर टेकलेलं, माझ्या. सेक्रेटरी रोज फोन करून गयावया करायचा. इकडे आड, तिकडे विहीर.

मी हात वर केला. कुणी धरून वर केला नव्हता. त्या संध्याकाळी मला स्वतःचीच चीड आली.

हॉल बंद झाल्यावर काही महिन्यांनी काकू आल्या, नेहमीच्या तपासणीला. पूर्वी त्या खुर्चीत बसायच्या आधीच सुरू व्हायच्या: कोणती गोळी चुकवली, कुठे घसरल्या, सगळं. या वेळी पर्स मांडीवर धरून गप्प बसल्या. वजन उतरलं होतं. मनगटावर मोठा निळा डाग होता.

"काकू, पडलात का?"

"नाही हो."

"जेवण होतंय ना नीट?"

"अगदी फाइन."

"काकू, मी डॉक्टर म्हणून विचारतोय."

"ते खरंच हो. पण तुम्ही आता कौन्सिलचे ना?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना. "एकटीला मॅनेज होत नाही असं तुम्ही लिहिलंत, तर कौन्सिलवाले मला वृद्धांच्या होममध्ये टाकतील. हॉलचंही तुम्हीच ठरवलंत."

मी काहीतरी समजवायला लागलो. काकूंनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि कार्डिगनची बाही ओढून तो डाग झाकला.