उधाणातलं शिबिर

प्रिस्काला कोणी गाव विचारलं की ती "वसई" म्हणायची आणि लगेच "किल्ल्याजवळ" असं जोडून द्यायची. किल्ला म्हटलं की माणसं फोटोंच्या गप्पांकडे वळतात, घराची चौकशी करत नाहीत, हे तिला अनुभवाने कळलं होतं. त्याच किल्ल्याला लागून पाचूबंदर आहे, तिथे आपल्या बापाची होडी आहे आणि आई क्लेमेंटीन मासळी विकते, हे मुंबईच्या मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला पोचली तरी तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

सांगायला जागा नव्हती असंही नाही. कॉलेजात 'सोबत' नावाचा विद्यार्थ्यांचा गट होता. पाड्यांवरून, वस्त्यांतून डॉक्टर व्हायला आलेल्या मुलांना सांभाळून घ्यायचं आणि जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे महिन्यातून एकदा तपासणी शिबिर घ्यायचं, हे त्यांचं काम. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत प्रिस्का गटांगळ्या खात होती, तेव्हा याच गटातल्या हेमांगीताईने तिला मेसमध्ये समोर बसवून शिकवलं होतं. गटात सगळे आपापल्या घराबद्दल मोकळेपणी बोलत. प्रिस्काची पाळी आली तेव्हा "आमचा घरचा बिझनेस आहे" एवढं म्हणून ती पाणी प्यायला उठली.

त्याच वर्षी क्लेमेंटीन सुक्या बोंबलांचा डबा घेऊन हॉस्टेलवर आली. खोलीतल्या मुलीने विचारलं, "कोण गं?"

"गावच्या मावशी," प्रिस्का बोलून गेली.

क्लेमेंटीनने लेकीकडे एकदा पाहिलं. "येते हां गो बाय," म्हणाली आणि डबा ठेवून जिना उतरली. घरी त्यावर तिने चकार शब्द काढला नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर प्रिस्काला सुटल्यासारखं झालं असतं.

या वर्षी 'सोबत'ने शिबिरासाठी नेमकं पाचूबंदर निवडलं. दुखणी अंगावर काढणाऱ्या बायका तिथे खूप, असं कोणीतरी सांगितलं होतं. हेमांगीने बैठकीत विचारलं, "प्रिस्का, तू तिकडचीच ना? शनिवारी सकाळी जमेल का गं लोकांना?"

तो शनिवार पुनवेला लागून होता. म्हणजे उधाण. पाण्याला ओढ असते तेव्हाच जाळी भरतात. होड्या लागल्या की बायका लिलावाला, तिथून निवडायला, वाळत घालायला. भांग लागला, पाणी मंदावलं, की होड्या बंदरात आणि माणसं घरात. पाचूबंदरात लग्नाची बोलणीसुद्धा हे बघून ठरतात. पण ते सांगितलं तर "तुला कसं माहीत?" आलंच असतं.

"जमेल," प्रिस्का म्हणाली.

शनिवारी चर्चमागच्या हॉलमध्ये टेबलं मांडली, बीपीची यंत्रं लावली. कॉलेजातले एक डॉक्टरही बरोबर आले होते. तीन म्हातारे आले, त्यातला एक पंख्याखाली बसायला. बाकी खुर्च्या रिकाम्या. गटातला, नायगावच्या टॉवरमध्ये राहणारा प्रितेश कंटाळला. "फुकट म्हटलं की किंमत नसते. पुढच्या वेळी फुलपाड्याला घेऊ. रांग तरी लागेल."

"मग पाचूबंदर सोडूनच द्यायचं?" हेमांगीने विचारलं. एकदोघांनी मान डोलावली. प्रिस्का आधीच गुंडाळलेला बीपीचा पट्टा पुन्हा गुंडाळत बसली.

तेवढ्यात क्लेमेंटीन दारात आली. साडीचा काठ ओला, हाताला खवले चिकटलेले. लिलाव अर्धा टाकून आली होती. लेकीला बघून थांबली आणि म्हणाली, "कुठं बसू, बाय?"

खोटं प्रिस्काचं होतं आणि ते सांभाळत होती आई. प्रिस्काने समोरची खुर्ची दाखवली. तिने आईच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा एकशेसत्तरच्या पुढे गेला. आईचं डोकं दुखतं हे तिला वर्षभर माहीत होतं. फोनवर ती "गोळी घे" म्हणायची आणि विषय बदलायची.

प्रितेश जवळ आला. "मावशी, बाकीच्या बायका का आल्या नाहीत?"

क्लेमेंटीनने प्रिस्काकडे पाहिलं. "कामं असतात रे बाबा," एवढंच म्हणाली.

"कामं तर रोजचीच."

"रोजचीच," क्लेमेंटीन म्हणाली. पोरीसाठी तिने अख्ख्या बंदराला बेफिकीर ठरू दिलं.

प्रिस्का खुर्चीवरून उठली. "उधाण आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा बोलावं लागलं. "आज होड्या लागतात. कोणी येऊच शकत नाही. शिबिर भांगाला ठेवायला हवं होतं. मला माहीत होतं. ही माझी आई."

हेमांगी टेबलाशी आली. मग म्हणाली, "मला विचारायचं सुचायला हवं होतं, असं म्हणणार होते. पण मी विचारलं होतं, प्रिस्का."

"हो."

प्रितेशने क्लेमेंटीनला नमस्कार केला आणि खाली बघितलं. त्याचंही तोंड उतरलं होतं. क्लेमेंटीन पट्टा सोडवत उठली. "माझा वाटा शेजारच्या आल्बिनाकडे ठेवलाय. मी नाय गेले तर ती ईकून मोकली होईल."

"आई, थांब. तुला डॉक्टरांना दाखवायचंय."

"मग चला तिकडंच. मी काय पलून जात नाय."

हेमांगीने डॉक्टरांकडे पाहिलं. ते स्टेथोस्कोप खिशात घालून उठलेच होते. यंत्रं पिशवीत भरून सगळे बंदरावर गेले. उलट्या टोपलीवर यंत्र ठेवलं आणि बायका एकेक करून हात पुसत आल्या. तपासताना प्रिस्काची मान वर होत नव्हती. या सगळ्यांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि कॉलेजातल्या कोणाला त्यांची नावं ठाऊक नव्हती.

आल्बिनाने दंड पुढे केला, पण नजर क्लेमेंटीनवर ठेवली. "काय गो, ही डॉक्टरीन तुझीच पोर ना?"

क्लेमेंटीन बोंबील निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तिलाच इचार," ती म्हणाली.