मुदतीचं कलम

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात त्यांना सगळे मसुदेमास्तर म्हणत. नवा नियम करायचा असो की जुना दुरुस्त करायचा असो, साहेबलोक हात झटकून मोकळे: "द्या मास्तरांकडे!" आणि मास्तरही असे, की नियमाचं काम हाती आलं की तहानभूक विसरायचे. नियम चोख असला की माणसं आपोआप सरळ वागतात, असं त्यांचं ठाम मत होतं. पालिकेच्या इमारतीत उभा जन्म काढूनही हे मत टिकलं कसं, देव जाणे!

घरी ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. ताईनंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दिवसाआड डायलिसिसला जायचं, तेही शहराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये बस बदलून. परत आली की जिना चढण्याआधी ती पहिल्या पायरीवर बसून राहायची. खालच्या मजल्यावरची बाई खुर्ची आणून द्यायची, तर ही म्हणायची, "राहू दे गं, खुर्चीत बसले तर उठवायचं कुणी मला?"

आणि गंमत बघा, त्यांच्या इमारतीच्या मागेच नगरपालिकेची मोकळी जागा होती, डायलिसिस केंद्रासाठी राखून ठेवलेली. केंद्र मंजूर, नकाशा मंजूर, पैशांची तरतूदही झालेली. फक्त काम सुरू होत नव्हतं. आज अभियंता रजेवर, उद्या ठेकेदार रुसलेला, परवा साहेबांची बदली. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, इथं तर वर्षं चालली होती. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज त्या पत्र्याच्या कुंपणाकडे बघायची आणि भाऊ घरात शिरला की विचारायची, "काही हललं का रे?"

अशात नवे साहेब आले. मोठी बांधकामं आणि पालिकेच्या जागा, दोन्हींची जुनी धोरणं नव्यानं लिहून काढा, असा त्यांचा हुकूम सुटला. मास्तरांना हत्तीचं बळ आलं. त्यांनी एक कलम घातलं: मंजूर कामाला यापुढच्या तीन वर्षांत हात लागला नाही, तर ते काम रद्द समजावं आणि जागा विक्रीला मोकळी समजावी. मुदतवाढ नाही, सबब नाही. आता बघू कसे आळस करतात! डोक्यावर टांगती तलवार असली की धावतील मुकाट्यानं.

शेजारच्या टेबलावरच्या लेखापाल बाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "मास्तर, झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाला तुम्ही गजर लावून देताय?"

"बघाच तुम्ही," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी ताईला सगळं समजावून सांगितलं. आता पळवाट कुठंच नाही, केंद्राला हात लावावाच लागेल. ताईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "कुठं शिकलास रे एवढं?"

सभेत कलम एकमतानं मंजूर झालं. एरवी पाण्याच्या टाकीच्या रंगावरून भांडणारी माणसं, पण सगळ्यांचे हात एका दमात वर! मास्तरांना भरून आलं. अहो, तिथंच पाल चुकचुकायला हवी होती.

कारण आधी एखादं काम रद्द करायचं, तर कुणाला तरी सभेत उभं राहून तसं म्हणावं लागायचं. लोकांच्या तोंडावर म्हणायचं, "तुमचा दवाखाना नको." ती छाती कुणाची? मतं मागायला त्याच दारात जायचं असतं. आता कुणी काही म्हणायचीच गरज उरली नाही. नुसतं स्वस्थ बसायचं, आणि त्या विद्येत ही मंडळी आधीपासूनच पारंगत! सगळे बसले. कुणी एक खड्डासुद्धा खणला नाही. तीन वर्षं सरली, एके दिवशी मुदत संपली आणि जागा विक्रीच्या खात्यात गेली.

मास्तर धावत साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, ते केंद्र मंजूर आहे. पैसेसुद्धा आहेत."

"होतं," साहेब म्हणाले. "मुदत संपली की."

"थोडी मुदत वाढवून..."

"तुम्हीच ठेवली नाहीत ना ती सोय? फार पक्कं कलम लिहिलंय हो तुम्ही. मला तर कुठं बोट घालायला जागा दिसत नाही." साहेब हे कुचेष्टेनं म्हणाले नाहीत, मनापासून म्हणाले. मास्तरांना वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

घरी जाताना ताईला काय सांगायचं ते त्यांनी दहादा जुळवलं. जरा लांबणीवर पडलंय म्हणू. थोडे दिवस तरी निघतील. पण दार उघडलं तेच ताईनं, आणि तिचा चेहरा असा फुललेला की कितीतरी वर्षांत मास्तरांनी तो तसा पाहिला नव्हता.

"अरे, सुरू झालं! सकाळी माणसं आली होती, जागा मोजून गेली. तू म्हणाला होतास ना, धावतील म्हणून? धावले बघ!"

जुळवलेलं सगळं मास्तरांनी सोडून दिलं. ते तिथंच दारात चपला न काढता उभे राहिले.

"ताई, ती मोजणी विक्रीची आहे."

"कसली विक्री?"

"जागा विकणार आहेत. केंद्र नाही होणार."

"कुणी रद्द केलं मेल्यांनी?"

"कुणीच नाही गं," मास्तर म्हणाले. "आपोआप झालं. तसा नियम केला ना मी."

ताई भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. रागावली नाही, रडलीही नाही. मग तिनं आपले तळहात उघडून बघितले.

"त्या मोजणाऱ्यांत एक माणूस कमी होता रे," ती म्हणाली. "टेपचं दुसरं टोक मीच धरून उभी होते. भर उन्हात."