खंडेनवमीला जोडलेली डिस्क

नांदेडात माझं घरांचे नकाशे आणि स्लॅबची डिझाइनं करून देण्याचं छोटं ऑफिस आहे. ज्या सॉफ्टवेअरवर हे सगळं चालतं ते चोरीचं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत असताना एका सीनियरने पेनड्राइव्हवर दिलेलं. वर ताकीद, आधी अँटिव्हायरस बंद कर, उगाच बोंबलतो तो. आमच्या धंद्यात सगळे हेच करतात, आणि तो उगाच बोंबलत नसतो हेही सगळ्यांना माहीत असतं.

खंडेनवमीला वडील लातूरहून आले. अप्पांनी दुकानात जन्मभर वजनकाट्याची पूजा केलेली. बॅकअपची हार्ड डिस्क मी कपाटात ठेवायचो, ती त्यांनीच बाहेर काढायला लावली. "बंद यंत्राची कसली पूजा? लाव ती बी, चालू कर समदं." मी जोडली. हळदकुंकू, झेंडू, नारळ, सगळं साग्रसंगीत झालं. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नसतो, म्हणून कॉम्प्युटर तसाच चालू सोडून आम्ही घरी जेवायला गेलो.

दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं तर एकही फाइल उघडेना. पडद्यावर खंडणीची मागणी. डिस्कवरचंही सगळं गेलं होतं. जळकोटला एका घराचे कॉलम उभे राहिलेले, तिथला मिस्त्री स्लॅबच्या नकाशासाठी रोज फोन करायचा आणि मी नुसतं "पाठवतो" म्हणायचो. पोलिसात कोणत्या तोंडाने जाणार? पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचाच आला असता.

अप्पा परत गेलेच नाहीत. "म्या लावाय सांगितलं नसतं तर ती डबी तरी वाचली असती," एवढंच धरून बसले. त्यांचं जेवण कमी झालं, रोज सकाळी महादेवापुढं हात जोडून बसायचे. "तुमचा काय दोष, अप्पा," असं मी म्हणायचो आणि पुढचं सांगायचं टाळायचो. ज्या माणसाने कधी काटा मारला नाही, त्याला हे सांगायचं कसं? भित्रा होतो, दुसरं काही नाही.

एका दुपारी ते पिशवी भरायला लागले. म्हणाले, "लातूरला जाऊन आपल्या घरी पूजा सांगणाऱ्या स्वामींना इचारून येतो, पूजेत काय चुकलं ते."

तेव्हा मी सांगून टाकलं. सॉफ्टवेअर चोरीचं आहे, व्हायरस त्यातूनच आला, आणि फाइली उघडेनात त्या पहिल्या दिवसापासून हे मला माहीत होतं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, आता चोरीवरून बोलतील.

"पहिल्या दिवसापासून?" अप्पा म्हणाले. "अन् मी रोज महादेवापुढं माफी मागून राहिलो, ते तू बघत व्हतास?"