एका अर्जात दोन मागण्या

अन्याय झाला बारा मुलींवर. लष्कर नावाच्या आमच्या भागातल्या एका सरकारी कन्याशाळेच्या खो-खो संघातल्या बारा मुलींवर, गेल्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी, मधली सुट्टी संपता संपता. फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. मुली 'माती आली' म्हणत धावल्या, आणि गाडीतून खोक्यात बांधलेला टीव्ही उतरला.

हे कुणामुळे झालं ते सांगायचं तर सुरुवात माझ्यापासून करावी लागेल.

शाळा माझीही तीच. आमच्या घरापासून दाना ओली या गल्लीतून पायी दहा मिनिटं. पुढचं अंगण सगळं फरशीचं, इथल्याच खाणींमधल्या पिवळट दगडाचं. चैत्रात त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, पौषात तळपाय बधिर होतात. खो-खो तिथेच. दगडात खांब पुरता येत नाहीत म्हणून तेलाच्या दोन पिंपांत सिमेंट ओतून बांबू उभे केलेले. खडूने चौकोन आखायचे, एकाआड एक उलट तोंडं करून बसायचं, खो मिळाला की उठून पळायचं. माझ्या दोन्ही गुडघ्यांवर अजून त्या अंगणाचे वण आहेत. लागलं की आई हळद दाबायची आणि म्हणायची, "कशाला जातेस मग पळायला?" आमच्या वेळी विषय तिथेच संपायचा.

आता तिथे खेळाचा तास गणिताच्या बाई घेतात, कारण खेळाच्या शिक्षिकेची जागा रिकामी आहे. बाई आमच्यासारख्याच, या हिंदी मुलखात राहणाऱ्या मराठी. आयुष्यात कधी खेळल्या नाहीत, पण मुलींची बाजू घेतात. त्यांनीच मला एकदा बोलावून शाळेचं मागचं अंगण दाखवलं. तिथे फरशी नाही. मोडकी बाकं आणि विटांचा ढीग आहे. बाई म्हणाल्या, "हे सगळं उचललं आणि वर चांगली माती पडली, तर खो-खोचं मैदान पुरं बसतं. मी मोजलंय." खेळाच्या सोयींसाठी शाळांना सरकारी पैसा मिळतो, पण तो मागावा लागतो, हेही त्यांनीच सांगितलं.

मग बाईंनी संघाच्या कॅप्टनला हाक मारली. तेव्हा आठवीतली मुलगी, काटक, बोलण्यात आखडतं न घेणारी. तिचे वडील फौजेतून निवृत्त झालेले, आता एका बँकेच्या दाराशी पहारा करतात. घरचा करार तिने मला उभ्या उभ्या सांगितला: जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर पुढे खेळायचं, नाही झाली तर खेळ बंद आणि शिवणाचा क्लास.

"शिवणाला काय हरकत आहे?" मी उगाच विचारलं.

"हरकत काही नाही, ताई. पर मुझे भागना है."

मी म्हटलं, माती मी आणते. इतकं सोपं वाटलं होतं.

मी कार्यकर्त्यांच्या ज्या गटात काम करते तिथे नव्या माणसाला आधी पत्रक लिहायला शिकवतात. इंदरगंजच्या चौकात सिग्नलला थांबलेल्या माणसाच्या हातात कागद द्यायचा, तर त्यावर निदान तीन-चार मागण्या हव्यात. म्हणजे वाचणाऱ्याला त्यातली एक तरी आपली वाटते आणि तो कागद फेकून देत नाही. हा नियम माझ्या अंगात भिनलेला. पत्रकासाठी तो बरोबरच आहे. सरकारी अर्ज ही वेगळी चीज आहे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सह्या हव्या होत्या आणि संक्रांत आली होती. नया बाजारात आमच्या घरी आईचं हळदीकुंकू दरवर्षी मोठं असतं. गल्लीतल्या मराठी बायका येतात, शेजारच्या हिंदीवाल्याही आता हौसेने येतात. एका दुपारी इतक्या बायका पुन्हा कुठे भेटणार? आई हळदीकुंकू लावत होती, मावशी तिळगूळ देत होती, मी पुढे सरकून अर्ज धरत होते. बायकांच्या बोटांना हळद लागलेली, तशाच त्या सह्या करत होत्या. अर्जाच्या कडा पिवळ्या झाल्या.

सातवी की आठवी सही करताना समोरच्या काकू थांबल्या. "मैदान-बिदान ठीक आहे गं. पण टीव्हीचं पण लिही ना."

"कुठल्या टीव्हीचं, काकू?"

"अगं, केबलवाल्याने जुनी लाइन कापली नाही का? आता तो सेट-टॉप डबा घ्या, दर महिन्याला रिचार्ज करा. आमच्या खालच्या भाडेकरणीला ते परवडत नाही. तिची पोर याच शाळेत, सहावीत. शाळेचे धडे टीव्हीवर लागतात म्हणे. ती पोर ते बघायला वर आमच्याकडे येते, आणि नेमकी त्याच वेळी ह्यांची बातम्यांची वेळ."

"ह्यांना म्हणावं दुसऱ्या वेळेच्या बातम्या बघा," मावशी म्हणाली.

"तू सांग. तुझं ऐकतील. माझं चाळीस वर्षांत नाही ऐकलं."

सगळ्या हसल्या. पण काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या मुलीचा धड्यांवर हक्क होताच. शेजारच्या दोघी-तिघींनीही मान डोलावली, की शाळेत एक टीव्ही हवा, डिजिटल, डब्यासकट, म्हणजे ज्यांच्या घरी नाही त्यांनाही बघता येईल.

मी आईकडे पाहिलं. आमच्यात हळदीकुंकवाला आलेल्या बाईला नाही म्हणत नाहीत. मोलकरीण असो की वकिलीण, तिला वाण मिळतंच; वाण संपलं तर आई स्वयंपाकघरातली वाटी देईल पण हात रिकामा ठेवणार नाही. आईने नुसत्या भुवया उचलल्या: लिही की, तुझं काय जातं?

मी अर्जाच्या तळाशी 'माँग क्रमांक दो' लिहिलं आणि त्यापुढे टीव्ही. मनात म्हटलं, दोन मागण्या, दुप्पट सह्या. आणि खरंच, त्यानंतर एकही बाई सही न करता गेली नाही. संध्याकाळी मी तो कागद गटातल्यांना दाखवला तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. इंदरगंजाजवळच्या एका कचेरीत अर्ज दिला, पोच घेतली. काही महिने काहीच झालं नाही. मग नागपंचमीच्या आदल्या दिवशी ते खोकं उतरलं.

बाईंचा फोन आला. "तुझा टीव्ही आलाय," एवढंच म्हणाल्या. 'तुझा' या शब्दावर जोर नव्हता, तरी मला तो लागला.

मी सरळ कचेरीत गेले. अर्ज बघणारे बडे बाबू साठीला टेकलेले, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी फाइल काढली, माझ्यासमोर उघडी ठेवली. पिवळ्या कडांचा माझा अर्ज त्यात व्यवस्थित टोचलेला, आणि वर शिक्का: निराकृत. म्हणजे मागणी पुरी झाली, प्रकरण बंद.

"पण माती?" मी म्हटलं. "पहली माँग तो मिट्टी की थी."

"दो माँगें थीं. एक पूरी हो गई. आवेदन एक है, तो निराकरण भी एक."

"और पैसा कौन से मद का?"

मद म्हणजे सरकारी पैसा ज्या कामाच्या नावाखाली खर्च करायचा, ते नाव. बाबूंनी अर्जाच्या विषयाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे माझ्याच अक्षरात 'शाला में खेल सुविधा' लिहिलेलं होतं. खेळाचा पैसा, त्या वर्षीचा, त्या शाळेपुरता, त्या टीव्हीत गेला होता. टीव्हीवर सामने दिसतात, तेव्हा ती खेळाची सोय झाली, असं फाइलीत कुणीतरी चोख लिहून ठेवलेलं.

मी बरंच बोलले. शाळेच्या पोरींचा खेळ विकून तुम्ही कागद साफ केला, असंही म्हणाले. ते मी मागे घेत नाही. माती टाकायची तर ढीग उचला, ट्रॉल्या मागवा, उभं राहून काम करून घ्या. टीव्ही दुकानातून येतो आणि खिळ्याला टांगला जातो. सोपं ते केलं आणि अवघड ते बंद केलं, ही चूक नसते. ही रीत असते, आणि ती रीत कुणीतरी ठरवलेली असते.

बाबू शांतपणे ऐकत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "बेटा, एक आवेदन में एक बात लिखते हैं. दो लिखोगी तो जो आसान है वो होगी." त्यांना राग आलेला नव्हता. ते मला कामाची गोष्ट सांगत होते, आणि मला ती त्या टेबलाच्या अलीकडे बसून सहा महिने उशिरा कळत होती.

दुसऱ्या दिवशी मी मुलींना खरं सांगितलं. मैदानाच्या अर्जावर टीव्ही मीच लिहिला, म्हणून माती आली नाही. कॅप्टन खडूने चौकोन आखत होती. तिने मान वर न करताच म्हटलं, "ताई, तुम्ही लिहिता छान. जरा कमी लिहा."

टीव्ही मोठ्या बाईंच्या खोलीत लागला, कारण कुलूप असलेली तेवढीच खोली. गच्चीवर डिशची छत्री बसली. काकूंच्या भाडेकरणीची मुलगी आता दुपारी तिथे धडे बघते, वहीत उतरवून घेते. ते मला चांगलंच वाटतं. एकदा खेळाच्या तासाला त्यावर खो-खोचा सामना लागलेला होता, तेव्हा बाईंनी संघाला आत बोलावलं. मीही होते. पाठलाग करणारी खेळाडू धावता धावता आडवी झाली, हवेतून लांब झाली आणि पुढच्या मुलीच्या टाचेला हात लावून पोटावर घसरत गेली.

"पडली का ही?" कॅप्टनने विचारलं.

"नाही. सूर मारला तिने."

सगळ्या तो सूर पुन्हा दाखवतात का म्हणून वाट बघत राहिल्या. दाखवला. तास संपल्यावर कॅप्टन अंगणात आली, पायाखालच्या फरशीकडे पाहिलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "इथे मारला ना, तर दात वेचायला तू ये."

जिल्ह्याच्या संघाची निवड भाद्रपदात झाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मातीच्या मैदानावर. तिचे वडील सुट्टी घेऊन आले होते. पहाऱ्यावर असल्यासारखेच ताठ उभे. मी त्यांच्या शेजारी. ती पळाली सगळ्यांत वेगाने, हे मी म्हणते म्हणून नाही, निवड करणाऱ्या सरांनी दोनदा मान वर केली. मग पुढची मुलगी खांबाला वळसा घालून निसटू लागली. अंतर हाताभर. तिथे सूर हवा होता. कॅप्टनचं अंग पुढे झुकलं, आणि शेवटच्या क्षणी तिने स्वतःला सावरलं. हात हवेत राहिला. पुढच्या दोन वेळाही तसंच.

"डाइव क्यों नहीं मारी?" सरांनी विचारलं.

"सर, हमारे यहाँ फर्श है."

सरांनी पुढचं नाव पुकारलं. यादीत तिचं नाव आलं नाही.

परतताना बसमध्ये तिचे वडील आम्हा दोघींच्या मधे बसले. मला वाटलं, आता शिवणाच्या क्लासचं काढतील. मी त्यांना अर्जाचं सगळं सांगितलं, माझी चूकही. ते म्हणाले, "फौजेत आम्हाला बंदूक नंतर दिली. आधी मातीवर पडायला शिकवलं." मग मुलीकडे न बघता म्हणाले, "अजून एक वर्ष. मातीवर शिकूनही निवड नाही झाली, तर मग शिवणाचा क्लास." ती खिडकीबाहेर बघत होती. तिने हो म्हणून मान हलवलेली मला दिसली.

ते एक वर्ष आता चालू आहे. ती दहावीत आहे, आणि तिच्या वयोगटात तिला ही शेवटची संधी. मागच्या अंगणातली बाकं आम्ही रविवारी जाऊन एका कडेला लावली. विटांचा ढीग तसाच आहे, तो उचलून न्यायला ट्रॉलीच लागेल. मी नवा अर्ज लिहिलाय. त्यात एकच वाक्य आहे: शाळेच्या मागच्या अंगणातला ढीग उचलून तिथे खो-खोसाठी माती टाकावी. तो शाळेच्या फाटकासमोरच्या वह्यांच्या दुकानात ठेवलाय, पेनासकट.

तुम्ही लष्करात राहता, तर या आठवड्यात तिथे जा आणि सही करा. फक्त सही. तुमची दुसरी मागणी कितीही रास्त असली तरी त्या कागदावर ती लिहू नका. तिचा वेगळा अर्ज करा, लिहून द्यायला मी येते.