नुसतं उभं राहायला शिकवणारे व्याही

काहीही न करता उभ्या राहिलेल्या माणसानं अख्खं गाव हैराण करावं, हे आमच्या व्याह्यांनाच जमलं. ढोकीला साखर कारखान्यात बॉयलरपाशी नोकरी करून त्यांचा आवाज इतका चढला होता, की त्यांनी घरात पाणी मागितलं की शेजारीण तांब्या घेऊन यायची. निवृत्तीनंतर रक्तदाब वाढला, म्हणून ते काही महिने मुलाकडं, म्हणजे माझ्या जावयाकडं, बंगळूरला राहिले आणि तिथल्या बागेत एका बाईंकडून ताई ची हा संथ चिनी व्यायाम शिकून गावी परतले. पारावर कुणीतरी विचारलं, "कुण्या ताईची?" तेव्हापासून गावानं त्यांना 'ताईचे आबा' करून टाकलं.

खरं तर त्यांचा जीव ताई चीपेक्षा चिगाँगवर, म्हणजे उभ्यानं श्वास साधण्याच्या चिनी पद्धतीवर, जास्त. गुडघे किंचित वाकवायचे, दोन्ही हातांनी न दिसणारा रांजण कवटाळल्यासारखं उभं राहायचं आणि श्वास सावकाश पोटात उतरू द्यायचा. "श्वास न्हाय तर ताई ची कशाची? नुसतं हात हलवायला मी काय चौकातला हवालदार हाय व्हय?" असं ते विचारत. जागा-वेळ पाहणं त्यांना मंजूर नव्हतं. मुलांच्या लग्नानंतर आम्ही जोडप्याला घेऊन तुळजापूरला गेलो. दर्शनाची रांग अडली, तसे हे रांगेतच रांजण धरून उभे. मागच्या म्हातारीला वाटलं, यांच्या अंगात आलं. तिनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावून विचारलं, "देवा, माझ्या लेकीचं कवा ठरंल?" व्याह्यांनी सगळा श्वास शांतपणे सोडला आणि म्हणाले, "आदी खांदं ढिलं सोडा, बाई." म्हातारीनं सोडले. त्यांच्याकडून मिळालेल्या सल्ल्याचा तो पहिला जाहीर उपयोग.

मला मात्र हा सगळा पोरखेळ वाटे. मग गेल्या वर्षी धाराशिवला आमच्या घरी मी न्हाणीघरात घसरलो आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला. पण पाऊल टाकायचं म्हटलं की ती ओली फरशी डोळ्यांपुढं येई. मी पलंग सोडेना. बायको विनवून थकली, मुलगी फोनवर रडली.

एका सकाळी व्याही पिशवी घेऊन दारात उभे. मुलाच्या बापानं मुलीच्या माहेरी मुक्कामाला यायचं, म्हणून बायकोची धांदल उडाली. तिनं पुरणाला डाळ टाकली. ते म्हणाले, "विहीणबाई, रोज पुरण घातलं तर श्वास पोटात उतरंल कुठं? भाकरी करा." मग माझ्याकडं वळले. "पाव्हणं, चालायचं न्हाय."

मी चमकलो. सगळं जग मला चाल म्हणत होतं.

"खुर्ची धरून नुसतं हुबं ऱ्हावा. मी बाजूला हाय."

न चालायचं असेल तर उभं राहायला माझी हरकत नव्हती. डॉक्टरांना विचारून त्यांनी रोज मला असं उभं केलं. त्या गडगडाटी आवाजाचा माणूस कानाशी हळू म्हणायचा, "घ्या... सोडा..." श्वास खाली उतरू लागला तशी छातीतली धडधड थांबली, तळव्यांना जमीन लागू लागली. मग भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा, तोही श्वासाबरोबर. "हीच ताई ची," ते म्हणाले. एक दिवस असाच भार नेता नेता मी दारापर्यंत गेलो, हे मला बायकोनं सांगितल्यावर कळलं. माझी गोळी चुकली तर मात्र ते वैतागत. "ह्यानं गोळी सुटत न्हाय. माझीबी सुटली न्हाय. राग तेवढा सुटला."

आता ते नातवासाठी बंगळूरला कायमचे गेले. निघाले त्या दिवशी मी स्टँडवर पोचवायला गेलो. व्याह्या-व्याह्यांत आजवर टॉवेल-टोपीखेरीज काही दिलं-घेतलं नव्हतं.  मी पाया पडायला वाकू लागलो तसा त्यांनी माझा दंड धरला. "वाकायला मनाई हाय तुमाला," म्हणाले आणि बराच वेळ दंड सोडला नाही.

बस वळणाआड गेली तरी मी तिथंच होतो. बाकावरचा एक माणूस सरकून म्हणाला, "बसा की, काका."

"असू द्या," मी म्हणालो. "मला उभं राहता येतं."