खडीसाखर बसेना

सातव्या दिवशीही दोऱ्याला साखरेचा एक कण लागला नव्हता. बरणीतला पाक जसा ओतला तसाच होता. समोर पाचवीची बावीस मुलं बसली होती आणि त्या पाकात त्यांच्या घरची साखर होती.

लढाईचे दिवस. साखर रेशनवर. भाईंदरच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होतो. प्रदर्शनासाठी खडीसाखर करू, असं मीच ठरवलं आणि प्रत्येकाला घरून मूठभर साखर आणायला लावली. नंतर खडे वाटून घेऊ, असा शब्दही दिला. प्रयोग साधा. उकळत्या पाण्यात मावेल तितकी साखर विरघळवायची. पाणी निवलं की जास्तीची साखर त्याला पेलत नाही. ती दोऱ्यावर बसते आणि खडे वाढतात. बरणी मात्र हलवायची नाही.

हेडमास्तर डोकावले. "काय मास्तर, परवा प्रदर्शन. दाखवणार काय, सरबत?"

"कुणीतरी बरणी हलवली, सर."

मी तसं पाहिलं नव्हतं. पण बरणी ठेवलेल्या कपाटाशेजारी जनी बसायची. मी तिचं नाव घेतलं आणि तिला वर्गाबाहेर उभं केलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी न्हाय हलवली, गुरुजी." आपली साखर हिच्यामुळे वाया गेली म्हणून मुलं तिला साखरचोर म्हणू लागली. मी ऐकलं, पण त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील बळीराम आले. मिठागरात कामाला होते. भांडायला आलेत असं मला वाटलं. ते सरळ बरणीपाशी गेले.

"मास्तर, हे आमच्या मिठावानीच ना?"

"जवळजवळ तसंच."

"मंग आयका. आगरात मीठ बसत न्हाय, तवा आमी पयलं पानी बघतो. मानसाला मागनं इचारतो. तुमी पान्यात काय घातलंत?"

"साखर. आणि... अर्धं लिंबू."

आई पाकात लिंबू पिळायची, म्हणून मीही पिळलं होतं. का पिळायची, हे कधी विचारलं नव्हतं. साखर परत घट्ट बसू नये म्हणूनच पिळायची! आंबटपणामुळे उकळताना थोडी साखर फुटते, तिच्या दोन वेगळ्या साखरा होतात. त्या मध्ये लुडबुडतात आणि खडा रचू देत नाहीत.

बळीराम हसले नाहीत. "हे पोरांना सांगा."

सांगितलं. हेडमास्तरांना बोलावून, जनीला शेजारी घेऊन. तिची माफी मागितली.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मग गुरुजी, तुम्ही बाहेर कधी उभं राहणार?"

हेडमास्तरांनाही हसू आलं. मी खरंच बाहेर जाऊन उभा राहिलो, आणि तिथेच सुचलं. खडा बसू द्यायचा नाही, असाही एक पदार्थ असतो की! काचेसारखी गोळी.

स्टोव्ह पेटवला. तोच पाक पुन्हा आटवायला ठेवला. जनीच्या हाती थंड पाण्याची वाटी दिली. तिने पाकाचा थेंब पाण्यात टाकला. त्याची मऊ गोळी झाली. थोड्या वेळाने दुसरा टाकला. तो चिवट निघाला. तिसरा पाण्यातून काढून तिने दाताखाली धरला आणि कट्कन आवाज आला.

"तुटली, गुरुजी!"

खोबरेल लावलेल्या परातीत मी थेंब थेंब पाक सोडला. पिवळसर, आरपार दिसणाऱ्या आंबटगोड गोळ्या झाल्या. दमट हवेत चिकटतील म्हणून झाकणाच्या डब्यात भरल्या.

प्रदर्शनात एका बशीत बळीरामांनी आणलेले मिठाचे चौकोनी खडे ठेवले, दुसऱ्या बशीत आमच्या गोळ्या. एकीत कण रांगेत बसलेले, दुसरीत रांग लावायला न मिळालेले. जनीने न अडखळता हे सगळ्या पाहुण्यांना समजावलं, "लिंबू गुरुजींनी पिळलं" हेही प्रत्येकाला सांगितलं. सगळ्यात जास्त गर्दी आमच्याच टेबलाभोवती होती. संध्याकाळी गोळ्या तिनेच वाटल्या. प्रत्येकाला तीन.

पुढच्या वर्षीच्या पाचवीने तर बजावलंच, खडीसाखर नको, बिघडलेलीच करा.

प्रयोग फसला की आपण काय घातलं ते आधी आठवावं. मुलांकडे बोट दाखवायची पाळी मग सहसा येत नाही.